दवाखाना आवरताना सापडलेल्या कथा

प्रश्न : नाशिकहून पन्नाशीतल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना नाना म्हणत, जुन्या नाशकात ४३ वर्षं फॅमिली डॉक्टर होते. गेल्या श्रावणात ते गेले. दवाखान्याची जागा पावसाळ्याआधी रिकामी करून द्यायची आहे. आवराआवर करताना तपासणीच्या टेबलाखाली दोन लोखंडी ट्रंका निघाल्या. त्यांत १४ डायऱ्या होत्या, औषध कंपन्यांच्या पॅडांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली नऊशेच्या आसपास सुटी पानं होती आणि १९७९ ते १९९१ या काळात टोपणनावाने दिवाळी अंकांत आलेल्या सहा कथांची कात्रणं होती. बऱ्याच पानांच्या कोपऱ्यात वेळ टाकली आहे : "दु. ३.१०", "दु. २.४०". नाना कथा लिहीत हे मुलांना माहीतच नव्हतं. पुण्याच्या भावाला वर्षश्राद्धाला सगळ्या साठ कथांचं पुस्तक काढून घरोघर वाटायचं आहे. आई म्हणते, एक ओळही छापायची नाही, "माणसं ओळखू येतात." ताई विचारतात : नानांनी हे लपवलं, म्हणजे त्यांना लिहिण्याची लाज वाटत होती का? नावं बदलली की पुरेल ना? शिवाय एक कथा त्यांना झोपू देत नाही. तिच्यातला डॉक्टर घटसर्प झालेल्या मुलाला टॉन्सिल समजून दोन दिवस औषध देत राहतो आणि मूल दगावतं. हे खरंच घडलं असेल का? (ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय ताई,

एकाच कथेच्या तीन खर्ड्यांचे फोटो तुम्ही सोबत पाठवलेत, आणि खऱ्या नावांवर कागदाच्या चिठ्ठ्या ठेवून मगच फोटो काढलेत. फार चांगलं केलंत. त्या तीन खर्ड्यांपासूनच सुरुवात करू या, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं नानांनी तिथे लिहून ठेवली आहेत.

पहिला खर्डा १९७८च्या डायरीत आहे. तुमच्याच गल्लीतली, विडी वळणारी एक बाई. तिला क्षय झालाय आणि सासरी कळू द्यायचं नाहीये. रोज संध्याकाळी "शक्तीचं इंजेक्शन" घ्यायला म्हणून ती दवाखान्यात येते आणि क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन टोचून घेऊन जाते. रिकामी बाटली ती मागून नेते, कारण रबरी बुचांशी पोरं खेळतात. दुसऱ्या खर्ड्यात फक्त बाईचं नाव बदललं आहे आणि समासात लाल शाईने दोनच शब्द आहेत : "अजून तीच." तिसऱ्या खर्ड्यात ती बाई उरलेलीच नाही. तिच्या जागी एक तांबट आहे. मुलीच्या सोयरिकीत विघ्न नको म्हणून तो खोकला लपवतो. हंड्यावर हातोडी पडत असते तोवर त्याचा खोकला कुणाच्या कानावर जात नाही. अडचण येते ती सणाच्या दिवशी. काम बंद असतं आणि सगळी आळी शांत असते. रिकाम्या बाटल्या मात्र तिन्ही खर्ड्यांत आहेत.

नाना त्या बाईला झाकायला निघाले आणि त्यांना तांबट सापडला. हातोडीच्या आवाजाखाली दडलेला खोकला पहिल्या खर्ड्यात नव्हता आणि बाईची कथा बाईचीच राहिली असती तर तो सुचलाही नसता. नानांमधला डॉक्टर गुपित राखत होता आणि लेखक ते उघड करत होता, अशी काहीशी फाळणी तुमच्या पत्रात डोकावते. मला तिसऱ्या खर्ड्यात दोघं एकाच टेबलाशी बसलेले दिसतात. मृत्युपत्रात या कागदांचा उल्लेख नाही असं तुम्ही लिहिलंय. "अजून तीच" हे दोन शब्द मृत्युपत्राच्या जागी धरा. यावरून पुढच्या कामासाठी एक साधा नियम निघतो. जी कथा तिसऱ्या खर्ड्यासारखी मूळ माणसापासून दूर गेली आहे, ती नानांनी स्वतःच बाहेर जाण्याजोगी केली आहे. जिच्यात अजून खरं नाव आणि खरी गल्ली आहे, ती कथा झालेली नाही. तो अजून केसपेपरच आहे.

आता लाजेबद्दल. फॅमिली डॉक्टरकडे माणसं जे बोलतात ते घरातल्या कुणाशीही बोलत नाहीत. पोटदुखीचं निमित्त करून आलेली बाई तपासून झाल्यावर पडद्याआड थांबते आणि मग खरी गोष्ट सांगते. डॉक्टर कथा लिहितात, हे एकदा गल्लीत कळलं की ती बाई पडद्याआड थांबणार नाही. टोपणनावामागे एवढं साधं, धंद्याचं कारण असू शकतं. रशियन कथाकार चेखव डॉक्टर होता आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं 'अंतोशा चेखोन्ते' या नावाने लिहीत होता. खरं नाव त्याला वैद्यकीसाठी राखून ठेवायचं होतं. भागलपूरला पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवणारे बंगाली कथाकार बलाईचंद मुखोपाध्याय आयुष्यभर 'बनफूल' या नावानेच ओळखले गेले. डॉक्टरकीबरोबर लिहिणाऱ्या माणसाने आडोसा धरणं ही जुनी रीत आहे. तिच्यात कमीपणा कुठे दिसत नाही.

मुलांना का सांगितलं नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्हाला लागलाय हे समजतं. पण शाळकरी मुलं गल्लीतल्याच मुलांबरोबर खेळत होती ना? एखादी कथा तुमच्या हाती पडली असती, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या आईकडे तुम्ही कोणत्या नजरेने पाहिलं असतं? आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. आई म्हणते, "माणसं ओळखू येतात." वाचल्याशिवाय हे वाक्य कुणी बोलू शकत नाही. तुमच्या आईने या कथा वाचलेल्या आहेत. सगळ्या नसतील, पण पुष्कळशा. दुपारी सव्वातीनच्या चहाबरोबर कदाचित. तेव्हा तिच्या नकाराला जुन्या वळणाच्या बाईची भीती समजू नका. या कागदांची ती एकमेव जाणकार आहे, आणि त्या माणसांना रोज देवळात, हळदीकुंकवाला भेटतेही तीच. भाऊ पुण्यात राहतो.

नावं बदलली की पुरेल का, याचं उत्तर नाही असं आहे. याचं प्रसिद्ध उदाहरण चेखवचंच. १८९२ साली त्याने एक कथा छापली. तिच्यात एका साध्या डॉक्टरची हौशी चित्रकार बायको एका निसर्गचित्रकाराच्या प्रेमात पडते. चेखवचा मित्र, चित्रकार लेव्हितान, आणि त्याची मैत्रीण सोफिया कुव्शिन्निकोवा यांनी स्वतःला ओळखलं. खरी बाई चाळिशी ओलांडलेली होती, कथेतली जेमतेम विशीतली. नावं वेगळी, वय वेगळं. पण हौशी चित्रकला, डॉक्टर नवरा आणि व्होल्गाकाठचा मुक्काम हे तिन्ही तसंच राहिलं होतं. दोघा मित्रांचं बोलणं जवळजवळ तीन वर्षं बंद होतं.

माणूस ओळखू येतो तो अशा तीन-चार गोष्टी जुळून आल्यामुळे : आजार, धंदा, राहण्याची जागा आणि घरातली एखादी मोठी घटना, म्हणजे मोडलेलं लग्न, भाऊबंदकीचा दावा किंवा अपघाती मृत्यू. यांतली एकेकटी गोष्ट हजारांना लागू पडते. तीन एकत्र आल्या की एकच घर उरतं. म्हणून प्रत्येक कथेसाठी वेगळ्या कागदावर या चार गोष्टी मांडा आणि किमान दोन मुळातून बदलल्या आहेत का ते पाहा. मुळातून म्हणजे विडीवरून तांबटकामावर. भद्रकालीऐवजी पंचवटी केलं तर नाशिककराला काहीच झाकल्यासारखं वाटणार नाही.

नानांनी जिथे हा बदल केलेला नाही तिथे तुम्ही करू शकता का? थोडासा, आणि फार जपून, कारण डॉक्टरने लिहिलेल्या कथेत एक खुंटी हलवली की तीन सैल होतात. १९७८च्या क्षयाची कथा २००० साली नेली तर कथाच मोडते. तेव्हा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचे आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने रोज सुई असायची. रिफाम्पिसिन हे औषध असलेली सहा महिन्यांची पद्धत रुळल्यावर रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचं कारणच राहिलं नाही, आणि बाटल्याही गेल्या. गर्भपाताची कथा असेल तर १ एप्रिल १९७२च्या आधीची की नंतरची यावर सगळं अवलंबून आहे, कारण १९७१चा कायदा त्या दिवशी लागू झाला. त्याआधी डॉक्टर आणि बाई दोघांच्याही डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार होती. जागा बदलताना सिव्हिलला पोचायला किती वेळ लागतो हे बदलतं. जुन्या नाशकातून टांग्याने जाणं आणि दिंडोरीच्या द्राक्षबागेतून रात्री जीप मिळवणं या दोन वेगळ्या कथा आहेत. तेव्हा कोणताही फेरफार नानांच्या पिढीतल्या एखाद्या निवृत्त डॉक्टरांना वाचायला द्या, तेही दुसऱ्या गावातल्या. फेरफार नाव, आळी आणि धंदा यांपुरताच ठेवा. वाक्यं घासूनपुसून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. मूळ पान जसंच्या तसं ठेवा आणि पुस्तकाच्या सुरुवातीला एका ओळीत सांगून टाका की काही नावं, ठिकाणं घरच्यांनी बदलली आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतलं कलम ७.१४ सांगतं की व्यवसाय करताना कळलेली रुग्णाची गुपितं डॉक्टरने उघड करायची नाहीत. कोर्टाचा हुकूम, कुणाला असलेला गंभीर धोका आणि कळवणं सक्तीचं असलेले आजार एवढेच अपवाद. हे कलम नोंदणी झालेल्या डॉक्टरला बांधतं, त्याच्या मुलीला थेट बांधत नाही. पण जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत रुग्ण मेल्यानंतरही गुपित राखीन असे शब्द आहेत. आणि चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतो त्यातही रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर काढायच्या नाहीत हे आहेच. नाना ज्या वचनाने बांधलेले होते ते त्यांच्या कागदांबरोबर तुमच्याकडे आलंय, असंच मी मानते. शिवाय काही ठिकाणी कायदा कुणालाच सोडत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं गुन्हा आहे, मूल असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, एचआयव्हीबद्दल २०१७चा वेगळा कायदा आहे. वारलेल्या माणसाची बदनामीसुद्धा, नातलगांना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर, बदनामीच धरली जाते.

मग त्या माणसांची परवानगी घ्यावी का? हे ऐकायला सरळ वाटतं, पण इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ज्या बाईने चाळीस वर्षं सासरी कळू दिलं नाही, तिच्या घरी जाऊन "नानांनी तुमच्यावर कथा लिहिली आहे, छापू का?" असं विचारणं म्हणजे गुपित तिथेच फोडणं. दार उघडायला सून येते, फोन नातू उचलतो. तेव्हा परवानगी फक्त निरुपद्रवी कथांसाठी विचारा. कुणाच्या कंजूषपणाची, कुणाच्या बैलाची, कुणी डॉक्टरांची फी म्हणून वर्षभर द्राक्षं आणून दिली त्याची. विचारायचं त्या माणसालाच, मुलाला नाही, समोरासमोर, एकट्याने. छापील पानं त्याच्या हातात द्या आणि वाचून झाल्यावर परत घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कथा संध्याकाळपर्यंत पंचवटीपासून सातपूरपर्यंत फिरलेली असते. ज्या कथांत लग्नाआधीचं गरोदरपण आहे, आत्महत्येचा प्रयत्न आहे, महारोग किंवा गुप्तरोग आहे आणि नानांनी त्या पहिल्याच खर्ड्यात सोडल्या आहेत, त्या लिफाफ्यात घालून बंद करा. वर आजची तारीख आणि पुढची तीस वर्षं उघडू नये एवढंच लिहा. आत काय आहे ते लिहू नका.

भावाला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती दिवाळी अंकातल्या सहा कथांनाही लागू होते. छापून आलेल्या कथा म्हणजे मोकळ्या कथा, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर टोपणनावाचा पडदा होता. वाचणाऱ्याला लेखक कुठला हेच माहीत नव्हतं. आता मुखपृष्ठावर नानांचं खरं नाव आलं की गल्ली आणि दवाखाना दोन्ही आपोआप ठरतात, आणि १९८३ साली कुणालाच ओळखू न आलेला माणूस आज ओळखू येतो. म्हणून या सहाही कथा त्याच चार गोष्टींच्या कसोटीला लावा. नाहीतर पुस्तकही टोपणनावानेच काढा. घरच्यांना ठाऊक आहे तेवढं पुरे नाही का?

आता ती घटसर्पाची कथा.

ताई, हा आजार सुरुवातीला कसा दिसतो ते आधी पाहा. घसा दुखतो, थोडा ताप असतो, मूल खात नाही. पहिल्या दिवशी टॉर्च मारून पाहिलं तर लालसर टॉन्सिल. राखाडी-पांढरा पापुद्रा नंतर धरतो, आणि तो खरवडला की रक्त येतं. त्याचं विष रक्तात फिरत असतं तोवरच प्रतिविषाचं इंजेक्शन त्याला मारू शकतं. एकदा ते हृदयाच्या स्नायूत शिरलं की औषधाचा हात तिथे पोचत नाही. म्हणून एकेक दिवस मोलाचा. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, त्याआधी दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात हे भय कायमचं वस्तीला होतं. दिवसाला साठ घसे पाहायचे आणि त्यातला एखादा घटसर्प निघायचा. ज्याच्या हातून अशी चूक झाली तो ही कथा लिहील. ज्याच्या हातून थोडक्यात टळली तोही लिहील, आणि ज्याने दुसऱ्या डॉक्टरच्या हातून झालेली पाहिली तोसुद्धा. तिघांचीही कथा "मी" म्हणूनच सुरू होईल. कथेतला "मी" हा कबुलीजबाबावरची सही नसतो.

त्या काळचे केसपेपर दवाखान्यात असतील आणि शोधलं तर सापडेलही, हे तुमच्या मनात येऊन गेलं असणार. शोधू नका. एक तर ते कागद तुमचे नाहीत, त्या मुलांचे आहेत. दुसरं, काही सापडलं नाही तरी तुमची शंका फिटणार नाही. मुद्दाम सांगते, डॉक्टरांच्या कथा फसतात त्या बहुतेक वेळा एकाच कारणाने : शेवटी डॉक्टर सगळ्यांना वाचवतो, किंवा सगळ्यांना समजून घेणारा शहाणा ठरतो. नानांनी चुकणारा डॉक्टर लिहिला आणि त्याला कथेत कुणी माफही केलेलं नाही, असं तुम्ही कळवलंत. लेखक म्हणून याला मोठी छाती लागते. ती कथा बंद लिफाफ्यात जाईल की पुस्तकात, हे मुलाचं घर कितपत ओळखू येतं यावर ठरवा. वडिलांचं नाव खराब होईल या भीतीवर नको.

मुदत पावसाळ्याची आहे, म्हणून हाताने करायच्या कामाचा क्रम सांगते. केसपेपर आणि कथा पहिल्याच दिवशी वेगळ्या करा, वेगळ्या खोलीत ठेवा. केसपेपर रद्दीवाल्याकडे अजिबात जाता कामा नयेत. भेळेच्या कागदावर कुणाचा लघवीचा रिपोर्ट वाचायला मिळाल्याचे प्रकार होतात. गेल्या तीन वर्षांतले, आणि कोर्टकचेरी किंवा विम्याशी संबंधित असलेले, कुलपात ठेवा. बाकीचे श्रेडरमध्ये घाला किंवा समोर उभं राहून जाळा. ज्या पानाच्या एका बाजूला रुग्णाची नोंद आणि दुसऱ्या बाजूला कथा आहे, ते कथेच्या गठ्ठ्यात ठेवा, पण नोंदीची बाजू कुणालाही दाखवू नका आणि तिचा फोटो काढू नका.

ट्रंका उपसण्याआधी प्रत्येक थराचा फोटो घ्या. विषयवार किंवा आवडीनुसार लावायचा मोह होईल, पण आहे तोच क्रम ठेवा. तारीख नसलेल्या पानाचा काळ शेजारच्या पानावरून कळतो आणि ते शेजार एकदा मोडलं की परत जुळत नाही. काळ ठरवायला पॅडची छापील बाजू कामाला येते. पत्त्यात पिनकोड असेल तर पान ऑगस्ट १९७२ नंतरचं. फोन नंबर किती आकडी आहे, कोणत्या औषधाची जाहिरात आहे, यावरून आणखी जवळ जाता येतं. डायरीवरचं साल मात्र फक्त "याआधीचं नाही" एवढंच सांगतं. औषध कंपनीच्या प्रतिनिधींनी दिलेली १९८४ची डायरी डॉक्टर १९९०लाही वापरतात.

गंजलेल्या टाचण्या आणि पिना सरळ ओढू नका. कागद आणि पीन यांच्या मधे पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि पिनेचे पाय उलगडून काढा. सेलोटेप, लॅमिनेशन, डिंक यांतलं काही नको. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. पेनाची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओला फडका लावू नका. उन्हातही वाळत घालू नका, शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. पंख्याच्या मंद वाऱ्यात, सावलीत एक दिवस पुरे. दिवाळी अंकांची कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण त्या स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर पिवळा डाग उमटवतं. कसर लागलेला गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. ईसीजीच्या किंवा बिलाच्या गुळगुळीत कागदावर काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटो सगळ्यात आधी. तो कागद नुसत्या उबेने काळवंडतो.

प्रत्येक पानाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने ट्रंक, गठ्ठा, पान असा क्रमांक घाला : १-३-१७. तोच क्रमांक फोटोच्या फाइलला द्या. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, रंगीत, म्हणजे लाल शाई निळीपासून वेगळी दिसेल. मोबाइल असेल तर स्टँडवर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. एकाने पान ठेवायचं, दुसऱ्याने फोटो घ्यायचा. अशा जोडीने तासाला शंभर पानं होतात, म्हणजे सुटी पानं दोन रविवारांत संपतील. एक प्रत तुमच्याकडे, एक पुण्याला. ट्रंका जमिनीवर ठेवू नका, खाली विटा घाला आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

हे झाल्यावर आईजवळ बसा. "छापू का नको" असं विचारलंत तर ती नकोच म्हणेल, कारण प्रश्नच तसा आहे. दुपारी एक कथा वाचून दाखवा आणि एवढंच विचारा : ही चालेल, नको, की नंतर? कारण विचारू नका. तिने सांगितलं तरी कुणाची कोणती कथा हे कुठेही लिहून ठेवू नका. तशी यादी झाली की साठ गुपितांची किल्ली एका कागदावर आली. तीन ढीग करा, बस.

नानांनी हक्क कुणाला लिहून दिलेले नसल्यामुळे ते आई, तुम्ही आणि भाऊ यांच्याकडे मिळून आले आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं ते चालतात, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुरासाठी छापल्यापासून ६०. दिवाळी अंकांतल्या कथांचा हक्कही, लेखी देऊन टाकला नसेल तर, त्यांचाच. म्हणजे तिघांची लेखी संमती असल्याशिवाय कुणीच छापू शकत नाही. आईचा नकार हा नुसता आईचा नकार नाही, हे भावाला एकदा शांतपणे सांगा.

श्रावणापर्यंत साठ कथांचं पुस्तक होणार नाही, आणि घाईत झालं तर चुकीच्या कथा बाहेर जातील. तोवर होण्यासारखं आहे ते असं : दिवाळी अंकांतल्या सहांपैकी कसोटीला आणि आईला उतरतील त्या, शिवाय तांबटाची. सोळा पानांचे चार फॉर्म, म्हणजे ६४ पानांची पुस्तिका, मधोमध पिना मारलेली. त्यात पंधराएक हजार शब्द सहज बसतात. टाइप युनिकोडमध्ये करून घ्या, म्हणजे पुढच्या मोठ्या पुस्तकाला तीच फाइल चालेल. कात्रणांत एखादं पान कमी असेल तर नाशिकच्या 'सार्वजनिक वाचनालय' या संस्थेत जुन्या दिवाळी अंकांची चौकशी करा. १८४० सालची संस्था आहे, जुने अंक जपणं तिथे नवीन नाही. मोठ्या पुस्तकाचा विचार पुढच्या वर्षी. त्याआधी नाव झाकून तीन कथा घराबाहेरच्या, पुस्तकं नेमाने वाचणाऱ्या एखाद्या व्यक्तीला द्या. मुलीला वडिलांचं अक्षर दिसतं, त्यामुळे कथा कशी आहे हे तिला नीट दिसत नाही.

आईला वाचून दाखवताना सुरुवात तांबटाच्या कथेपासून करा. तिसरा खर्डा घ्या, पहिले दोन ट्रंकेतच राहू द्या. आणि दुपारी तीनच्या पुढे बसा.